कॉम्प्युटरची घरघर बंद करताय? आधी तिच्याकडे नीट कान द्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. टीव्ही बंद, मुलं झोपलेली, पंखा दोनवर. ऑफिसचं उरलेलं काम संपवायला तुम्ही हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसता आणि टेबलाखालून तो आवाज सुरू होतो. आधी बारीक गुणगुण, मध्येच खर्र खर्र, पुन्हा गुणगुण. मग दिवसभर हा आवाज कुठे होता? होता तिथेच होता. कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारच्यांची मालिका यांच्याखाली दबून गेला होता, एवढंच.

आमच्या घरी हा आवाज सगळ्यात आधी आजीने पकडला. इंदूरचं आमचं घर लहान. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणि आजीचा दिवाणही तिथेच. माझं लिहायचं काम रात्रीच चालतं, त्यामुळे तिची झोपमोड ठरलेली. एके रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, "अगं, हे तुझं जातं थांबणार कधी?"

मला हसू आलं, पण तिची उपमा अगदी बरोबर होती. हार्ड डिस्कच्या आत खरोखरच गोल तबकड्या फिरत असतात. नंतर मी ते 'जातं' शांत करायच्या मागे लागले. ते करताना मी एक मोठी चूक केली आणि ती आम्हाला महागात पडली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी चोर कोण ते शोधा

आवाज करणारी वस्तू हार्ड डिस्कच आहे, याची खात्री करा. ज्या डब्याला आपण घरी सरसकट सीपीयू म्हणतो, त्याच्या आत दोन-तीन पंखेही असतात. पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा, सूं सूं असा असतो आणि काम वाढलं की तो चढतो. पात्यांवर धूळ बसली की त्यात घरघरही मिसळते. तसं असेल तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि जुन्या मऊ ब्रशने पाती साफ करा. निम्म्या घरांचा प्रश्न बहुधा इथेच सुटेल.

हार्ड डिस्कचा आवाज वेगळा असतो. त्यातही दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे एकसुरी गुणगुण. डेस्कटॉपमधल्या बऱ्याच डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. काही डिस्कचा वेग 5400 असतो, म्हणजे सेकंदाला 90 फेऱ्या. एवढ्या वेगाने काहीही फिरलं की थोडी थरथर होणारच. गुणगुण येते ती या थरथरीतून.

दुसरा आवाज खरखरीचा. तबकडीवरची माहिती वाचायला एक बारीक हात असतो, जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या पिनसारखा. फरक इतकाच की हा तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगत राहतो. माहिती इकडेतिकडे विखुरलेली असली की हा हात सेकंदाला कितीतरी वेळा मागेपुढे धावतो आणि खर्र खर्र ऐकू येतं. ही खरखर म्हणजे डिस्कचं रोजचं काम, आजार नव्हे.

घरात दोन हार्ड डिस्क एकाच डब्यात असतील तर तिसरीच गंमत ऐकू येते. गुणगुण काही सेकंदांनी मोठी होते, पुन्हा लहान होते. दोन्ही डिस्कचा वेग अगदी तंतोतंत सारखा नसतो, म्हणून असं होतं. तंबोरा जुळवताना दोन तारा जरा मागेपुढे असल्या की सूर हेलकावतो, तसंच हे.

टेबलच वाजतं

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. डिस्क स्वतः फार मोठा आवाज करत नाही. साधी डिस्क नुसती फिरत असताना तिचा आवाज 25 डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे कुजबुजीपेक्षाही कमी. मग तो खोलीभर का पसरतो?

तंबोऱ्याची नुसती तार ताणून छेडली तर किती ऐकू येईल? जवळजवळ काहीच नाही. सूर भरतो तो भोपळ्यामुळे. हार्ड डिस्क ही तार आहे आणि तिचा भोपळा म्हणजे सीपीयूचा पातळ पत्र्याचा डबा. डिस्क चार स्क्रूंनी त्या पत्र्याला घट्ट बांधलेली असते. डिस्कची थरथर पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून टेबलात. आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलात सीपीयूसाठी खाली एक चौकोनी कप्पा असतो. तीन बाजूंनी सनमायका लावलेला प्लाय आणि आत पोकळी. आवाज वाढवायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

घरी करून पाहण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. गुणगुण चालू असताना सीपीयूच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. आवाज बदलला किंवा कमी झाला तर डिस्कपेक्षा पत्र्याचा दोष जास्त. मग टेबलावरही हात ठेवा. बोटांना मुंग्या आल्यासारखं जाणवलं, तर थरथर लाकडातही उतरली आहे.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. काहींना तर पैसेही लागत नाहीत. सीपीयू त्या कप्प्यातून बाहेर काढून जमिनीवर ठेवा. ओल्या फरशीपासून थोडा वर आणि भिंतीपासून वीतभर लांब. त्याच्या चार पायांखाली जुन्या रबरी चपलेचे चार चौकोनी तुकडे कापून सरकवा. आमच्याकडे एवढ्यावरच टेबलाची थरथर गेली. योगा मॅटचा तुकडाही चालतो. मात्र तो संपूर्ण तळाखाली पसरू नका, कारण कित्येक डब्यांना खालून हवा आत घ्यायची जाळी असते.

यानंतर स्क्रूंकडे वळा. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला की बाजूचा पत्रा उघडता येतो. डिस्कचे चार स्क्रू जागेवर आहेत का, ते पाहा. दुरुस्तीवाल्याने घाईत दोनच लावले असतील तर पत्रा खडखडतोच. स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वॉशर बसवता आले तर उत्तम. नव्या डब्यांमध्ये ते आधीच लावलेले असतात. जुन्या डब्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जाताना एक स्क्रू सोबत न्या, म्हणजे मापाचा घोळ होणार नाही.

त्याहून धाडसी उपाय म्हणजे डिस्क टांगणं. हौशी लोक वर्षानुवर्षं हे करत आले आहेत. जिथे डीव्हीडी ड्राइव्ह बसते ती मोठी जागा रिकामी असेल, तर तिथे शिलाईच्या दुकानात मिळणाऱ्या रुंद इलॅस्टिकचे पट्टे आडवे ताणून त्यांच्या झोळीत डिस्क आडवी ठेवतात. डिस्कचा पत्र्याला कुठेच स्पर्श होत नाही, त्यामुळे गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. पण इलॅस्टिक आतल्या उष्णतेने सैल पडतं, म्हणून ते अधूनमधून तपासावं लागतं. सीपीयू उचलून दुसरीकडे न्यायचा असेल तर डिस्क आधी काढून घ्यावी लागते. घरात धावणारी लहान मुलं असतील तर मी हा उपाय सुचवणार नाही. चालू डिस्कला बसलेला एक धक्काही पुरेसा असतो.

धक्क्यावरून आठवलं, आवाजाचा त्रास फक्त आपल्याला होतो असं नाही. 2008 मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याचा एक छोटा व्हिडिओ गाजला होता. त्यात तो चालू हार्ड डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात ओरडतो आणि त्याच क्षणी त्या डिस्क मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात दिसतं. त्याच्या ओरडण्याच्या थरथरीने वाचणारे हात जागेवरून हलत होते. तेव्हा होम थिएटरचा मोठा वूफर सीपीयूला चिकटून ठेवला असेल तर तो आजच हलवा.

मी केलेली चूक

चपलेचे तुकडे लावल्यावर गुणगुण कमी झाली, पण खरखर चालूच होती. मग मला एक 'कल्पना' सुचली. जुन्या सोफ्याचा फोम कापला, डिस्कला चहूबाजूंनी गुंडाळला आणि ते गाठोडं डब्यात कोंबून बसवलं. काय शांतता पसरली म्हणून सांगू! आजी सलग दोन रात्री गाढ झोपली. मी स्वतःवर खूश होते.

ते दिवस मे महिन्याचे. चार-पाच दिवसांनी सहज तापमान पाहिलं तर डिस्क 57 अंशांवर होती. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात 60 अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिलेली असते, आणि रोजच्या वापरात ती 45 च्या खाली राहिलेली बरी. खोलीचंच तापमान 38-40 असताना फोमच्या गोधडीत तिला हवा कुठून मिळणार? शिवाय साध्या हवाभरल्या डिस्कला वरच्या बाजूला एक बारीकसं छिद्र असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं आणि ते झाकू नये, असं शेजारीच छापलेलं असतं. मी तेही झाकून टाकलं होतं. परदेशी व्हिडिओंमध्ये डिस्कसाठी बंद पेट्या बनवताना दाखवतात, त्या बघून हुरळून जाऊ नका. त्यांची खोली 20 अंशांची असते, आपली नाही.

फोम मी थोडा मोकळा केला, पण पूर्ण काढला नाही. शांततेची सवय झाली होती ना!

पावसाळ्यात एका रात्री आजीने पुन्हा हाक मारली. "तुझं जातं आता ठेचकाळतंय बघ." मला काहीच ऐकू येत नव्हतं. कानाला हेडफोन होता आणि डिस्कभोवती फोम. हेडफोन काढून वाकले तेव्हा ऐकू आलं. टक्, टक्, टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्, टक्, टक्. स्क्रीनवर माउस गोठलेला.

त्या डिस्कवर बाबांनी 2006 पासून जमवलेले फोटो होते. ताईच्या लग्नाचे होते, आमच्या शाळेचे होते. आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओही होता. आजोबांचा आवाज असलेली आमच्याकडची ती एकच गोष्ट. आणि या सगळ्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

धोक्याचा आवाज कसा ओळखाल

एका लयीत येणारा आणि पुन्हा पुन्हा होणारा टक् टक् हा आवाज गंभीर समजा. वाचणाऱ्या हाताला आपली जागा सापडत नाही, म्हणून तो मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा चुकतो. सोबत कॉम्प्युटर गोठणं, फाइल उघडायला मिनिटं लागणं, एखादा फोटो अर्धाच दिसणं ही लक्षणं असतील तर शंका घ्यायला जागाच नाही. खरवडल्यासारखा किंवा किर्र असा धातूचा आवाज आला तर प्रकरण त्याहून वाईट. हात तबकडीला घासतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी एकही फाइल उघडायचा मोह न धरता कॉम्प्युटर बंद करा. चालू राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवरची माहिती खरवडून जाऊ शकते.

प्रत्येक टक् म्हणजे संकट नसतं, हेही खरं. कॉम्प्युटर बंद करताना येणारा एकच टक् म्हणजे हात आपल्या जागी विसावल्याचा आवाज. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्क रिकाम्या बसल्या असतानाही दर काही सेकंदांनी हलकासा ठोका देतात. नवीन घेतल्यापासून तसाच आवाज असेल आणि कामात काही अडचण नसेल तर काळजी करू नका. खरी गोष्ट आहे ती बदलाची. काल नव्हता तो आवाज आज आला का? म्हणूनच आपल्या डिस्कचा रोजचा आवाज तुमच्या कानाला ओळखीचा असायला हवा. माझा नव्हता, कारण मी त्याचं तोंड फोमने दाबून टाकलं होतं.

आवाजाखेरीज डिस्कची प्रकृती बघायची एक सोयही असते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की ही नोंद आणि तापमान समोर दिसतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यातल्या 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींसमोरच्या शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज काही दिसलं, आणि विशेषतः तो आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नका.

पण निळा रंग पाहून निर्धास्तही होऊ नका. 2007 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत तापमान सोडून बिघाडाची एकही खूण नव्हती. म्हणजे बऱ्याच डिस्क काहीही न सांगता जातात. तेव्हा आवाज कमी करायला डबा उघडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्या.

आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं, वरून टपली मारणं, घरीच झाकण उघडून पाहणं हे सल्ले कुणीही दिले तरी ऐकू नका. फ्रीजरमधून काढल्यावर आत दव धरतं. झाकण उघडलं तर धुळीचा एक कणही त्या हाताखालच्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. माहिती खरोखर अनमोल असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच न्या. धूळविरहित खोली असलेल्या जागी हे काम होतं. ते महाग असतं आणि यशाची हमी नसते. आधी तपासणी आणि अंदाजे खर्च लेखी मागा.

खरखरीला काम कमी द्या

डिस्क निरोगी आहे आणि प्रत तयार आहे, तर मग उरलेल्या खरखरीकडे वळू या. ती थांबवायचा सोपा मार्ग म्हणजे डिस्कला कमी पळायला लावणं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये रॅम 4 जीबीच असेल, तर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडताच जागा पुरत नाही. मग विंडोज हार्ड डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरतं आणि तो बिचारा हात सारखा धावत राहतो. टास्क मॅनेजर उघडून पाहा. काही न करताही डिस्कच्या खाली 90-100 टक्के दिसत असेल तर गाठ इथे आहे. रॅम वाढवली की आवाजही घटतो आणि वेगही वाढतो.

अँटिव्हायरसची तपासणी रात्रीची लावलेली असेल तर ती दुपारच्या वेळेवर आणा. आमच्याकडे अकरा वाजता सुरू होणारी खरखर ही या तपासणीचीच होती, आणि मी कित्येक महिने उगाच डिस्कला दोष देत होते.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो एसएसडीने. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे आवाज शून्य. जुनी डिस्क लगेच फेकायची गरज नाही. 256 किंवा 512 जीबीची छोटी एसएसडी बसवून विंडोज आणि रोजची कामं तिच्यावर न्या. जुनी डिस्क फक्त फोटो-सिनेमांसाठी ठेवा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन डिस्क 20 मिनिटं वापरात नसेल तर थांबावी, अशी सूचना द्या. तुम्ही लिहीत बसाल तेव्हा ती चक्क झोपलेली असेल. फोटो उघडायला गेलात की उठायला पाच-दहा सेकंद घेईल, तेवढं सहन करा. ही वेळ दोन-तीन मिनिटांवर मात्र आणू नका. सारखं थांबणं-सुरू होणं मोटरला मानवत नाही.

विंडोज जिच्यावर आहे तीच डिस्क झोपवायचा प्रयत्न बहुतेक फसतो, कारण विंडोज तिला सारखं काही ना काही विचारत राहतं. म्हणून आधी एसएसडी, मग झोप.

फोटोंचा एकमेव संच एसएसडीवर ठेवून ती वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवणं हेही बरोबर नाही. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते. लांबच्या साठवणीसाठी जुन्या धाटणीची फिरती डिस्क अजूनही उपयोगी आहे. बाहेरून जोडायची छोटी, अडीच इंची डिस्क डेस्कटॉपवाल्या डिस्कपेक्षा बरीच शांतही असते. वर्षातून एक-दोनदा जोडून फोटो उघडताहेत ना, ते पाहायचं.

आमच्या डिस्कचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. त्या रात्री मी कॉम्प्युटर लगेच बंद केला. सकाळी आमच्या भागातल्या एका जाणत्या दुरुस्तीवाल्या काकांकडे डिस्क नेली. ते म्हणाले, "आधी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते सांग. ही मध्येच कधीही बसेल." मी आजोबांच्या पंचाहत्तरीचं फोल्डर सांगितलं. ते निघालं. त्यानंतर शाळेचे फोटो निघाले. ताईच्या लग्नाचं फोल्डर अर्ध्यावर होतं, तेव्हा डिस्क थांबली ती थांबलीच. हळदीचे फोटो आहेत, सप्तपदीचे नाहीत. काही नातेवाइकांच्या फोनमधून गोळा केले आणि ताईच्या सासरहून थोडे आले.

आता सीपीयूत एसएसडी आहे आणि नवी डिस्क रबरी वॉशरवर बसवली आहे, फोमशिवाय. फोटोंची एक प्रत कपाटातल्या छोट्या डिस्कवर आहे आणि दुसरी ताईकडे पुण्यात. रात्री फोटो उघडले की नवी डिस्क हलकेच घरघरते. आजी कूस बदलते आणि विचारते, "ठीक आहे ना गं तिचं?" मी कान देऊन ऐकते आणि तिला सांगते, ठीक आहे.